सातव्या मजल्यावरून ताईला

सोमवार, ६ तारीख, संध्याकाळ

ताई,

मी तुझ्या शहरात आलो आहे. कामासाठी आलो आहे. पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालेल्या काही जणांना नव्या मीटरबद्दल मत विचारायला बोलावलं आहे, त्याची बैठक आहे. मुक्काम रविवारपर्यंत. तूही रविवारीच मुलाकडे कायमची निघते आहेस, असं भाच्याच्या फोनवरून कळलं. योगायोग आहे.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून लिहीत आहे. उचललास तरी मी काय बोललो असतो ते तुला माहीतच आहे. लिहायला मला अडचण येत नाही. नोकरीत रोज तेच करत होतो.

उतरलो आहे ते हॉटेल नवीन आहे. खोली सातव्या मजल्यावर आहे. दाराला किल्ली नाही, कार्ड आहे. कार्ड लावून आत आलो तर एकही दिवा लागेना. वीज गेली असेल असं समजून मी पलंगावर बसून राहिलो. खाली फोन करून विचारायचं जिवावर आलं. बऱ्याच वेळाने एक माणूस माझी बॅग घेऊन आला. त्याने माझ्या हातातलं कार्ड घेऊन भिंतीतल्या खाचेत घातलं आणि सगळे दिवे एकदम लागले.

"साहेब, ध्यान करत होता का?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो.

दोन पलंग आहेत आणि उशा सहा. एका माणसाने सहा उशांचं काय करायचं ते कुठे लिहिलेलं नाही. न्हाणीघर आणि खोली यांच्यामध्ये भिंत नाही, काच आहे, आणि ती स्वच्छ पुसलेली आहे. खोलीत मी एकटाच होतो, तरी अंघोळ करताना मला उशांचा संकोच वाटला. बादली नाही, तांब्या नाही. भिंतीवर चार चकत्या आहेत. पहिली फिरवली तर पाणी बाजूच्या भिंतीतून थेट छातीवर आलं, दुसरी फिरवली तर वरून, आणि बर्फासारखं. सगळी नोकरी पाण्यात घालवली आणि शेवटी वॉशबेसिनच्या नळाखाली कॉफीचा कप धरून अंघोळ केली.

खिडकीतून चौकापलीकडे तुझी इमारत दिसते. गच्चीवरची टाकी दुपारपासून वाहते आहे. वॉचमनला मोटर वेळेवर बंद करायला सांग.

हॉटेलची गाडी पाहुण्यांना आणते-सोडते. तिचा ड्रायव्हर हे पत्र आणून देईल. उत्तराची गरज नाही.

तुझा भाऊ


मंगळवार, ७ तारीख, दुपार

ताई,

निरोप मिळाला. तो ड्रायव्हर नुसता निरोप सांगत नाही, माणूस उभा करतो. लॉबीत सगळ्यांसमोर हात कमरेवर ठेवून, मान तिरकी करून म्हणाला, "'उत्तराची गरज नाही ना? मग देत नाही. आणि त्या घुम्याला म्हणावं, एवढ्या लांबून टाकी दिसते, बहीण दिसत नाही का?'"

मी विचारलं, "रागावल्या होत्या का?"

"दार उघडलं तेव्हा नव्हत्या, साहेब. पत्र वाचल्यावर झाल्या."

मग त्याने एक सल्लाही दिला. "तुम्ही चालत गेलात तर माझ्या आधी पोहोचाल. मला पुलाखालून वळसा आहे."

माझा गुडघा दुखतो असं मी त्याला सांगितलं. गुडघा दुखत नाही.

सकाळी नाश्त्याला गेलो. हॉल मोठा आहे. सगळं मांडून ठेवलेलं असतं आणि आपलं आपण घ्यायचं. पाव भाजायचं एक यंत्र आहे. एका बाजूने पाव ठेवला की तो पट्ट्यावर बसून आतल्या आत प्रवास करतो आणि खालच्या बाजूने भाजून बाहेर पडतो. मी ठेवला आणि वाट पाहत उभा राहिलो. पडला तो उचलून खाल्लाही. मग कळलं, तो माझ्यामागे उभ्या असलेल्या बाईंचा होता. त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही. माझा बाहेर आला तो त्यांनी घेतला. अशा माणसांशी माझं चांगलं जमतं.

अंडी करून देणारा आचारी मात्र बोलका निघाला. "ऑम्लेटमध्ये काय काय घालू?" म्हणाला. अशा प्रश्नाला आजपर्यंत मी कधी उत्तर दिलेलं नाही. ही असती तर तिने सांगून टाकलं असतं, "यांना कांदा चालतो, मिरची नको, आणि कडेने करपलेलं आवडतं." आमचं दोघांचं बोलणं तीच करायची. मी म्हणालो, "काहीही घाला." त्याने खरंच काहीही घातलं. त्यात मला अननस सापडला.

बैठक पुढे ढकलली आहे.

इथल्या लोकांचा भर स्वावलंबनावर दिसतो. खोली झाडायला कुणी आलं नाही, म्हणून पलंग मीच आवरला, टॉवेल वाळत घातले. मला तेच बरं वाटलं. दाराजवळच्या बटणांमध्ये एक रात्रीचा दिवा सापडला. बटणावर चंद्रकोर आहे. दाबलं की त्यात तांबूस ठिपका उजळतो, अंधारात बूट शोधायला पुरतो. कालपासून तो लावूनच ठेवला आहे.

टाकी आजही वाहत होती.

तुझा भाऊ


बुधवार, ८ तारीख, सकाळ

ताई,

ड्रायव्हर आज निरोप सांगायला तयार नव्हता. "बाईंनी सांगितलंय, पण तुम्ही मनाला लावून घ्याल," म्हणाला. मी सांगा म्हटलं. तेव्हा त्याने या वेळी आवाज न काढता सांगितलं, की तू विचारलंस, "रविवारचं माझं तिकीटही त्यानेच काढलंय का?"

ते बोलायला हवंच होतं. बरं झालं तू बोललीस. आता मीही लिहितो.

बैठक नाही. पुढे ढकललेली नाही, मुळातच नव्हती. तू जाण्याआधी तुला भेटायला आलो आहे. रविवारनंतर तू इतकी लांब जाशील, की आपल्यातलं जे काही आहे ते आहे तसंच राहून जाईल. या वयात कोण कुणाकडे कधी येणार? मला ते तसं राहायला नको आहे.

ही गेल्यावर तू लगेच आलीस. महिनाभर राहिलीस. तुझे गुडघे खरोखरच दुखतात, तरी पहाटे उठून डबे घासायचीस. हिने डब्यांवर कधी काही लिहिलं नव्हतं, कुठे काय ते तिला पाठ होतं. तू एकेका डब्यावर चिठ्ठी चिकटवलीस. चांगलंच केलंस. मला साखर सापडायला लागली. येईल त्याला तू सांगायचीस, "याला मी घेऊन जाणार आहे. हा एकटा काय राहणार? पाणी मागायलासुद्धा तोंड उघडत नाही." मी तिथेच बसलेला असायचो.

मला घरात एकट्याने बसायचं होतं. तिच्या खुर्चीसमोर, कुणी काही न बोलता. तेवढंच. ते तुला सांगायला मी तोंड उघडायचो आणि तू विचारायचीस, "चहा हवा का रे?" मी हो म्हणायचो. त्या महिन्यात मी इतका चहा प्यायलो, की तुला वाटलं असेल मला चहाशिवाय काही सुचत नाही.

शेवटी स्टेशनवर जाऊन तुझं तिकीट काढलं आणि सकाळी तुझ्या कपाखाली ठेवलं. तू ते पाहिलंस, चहा संपवलास, बॅग भरलीस. त्यानंतर वर्ष झालं, तू माझ्याशी बोललेली नाहीस.

खिडकीजवळची जागा मी मुद्दाम मागून घेतली होती. त्यावरून तुला कळेल असं मला वाटलं होतं.

एकटं बसायला मिळालं याचं मला वाईट वाटत नाही. ते मला हवं होतं. तू दुखावून गेलीस याचं वाटतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यातली एक खोडून दुसरी लिहिता येत नाही.

मी तुझ्याकडे येऊ का, असं विचारलं आणि तू नाही म्हणालीस तर मला पुढे काही सुचणार नाही. म्हणून तूच ये. उद्या. मी दिवसभर खोलीत आहे, कुठेही जात नाही. खाली आलीस की रिसेप्शनवर सांग, ते मला वर फोन करतील. इथे दोन चांगल्या खुर्च्या आहेत.

तुझा भाऊ

ता. क. मघाशी जिन्याजवळ सफाईच्या मावशी भेटल्या. मी धीर करून दोन टॉवेल मागितले. त्यांनी दिले आणि म्हणाल्या, "साहेबांना निवांत राहायला आवडतं वाटतं!" मी हो म्हणालो. त्या समजूतदारपणे हसल्या. इथली माणसं चांगली आहेत.


गुरुवार, ९ तारीख, संध्याकाळ

ताई,

दिवसभर वाट पाहिली. सकाळी दोन्ही खुर्च्या खिडकीकडे वळवून ठेवल्या. चहाचं सामान मांडलं. नाश्त्याला आणि जेवायलाही खाली गेलो नाही, मधल्या वेळात तू येशील म्हणून. फोन एकदाही वाजला नाही.

समजलो.

तुझी आवराआवर चालू असेल. आणखी त्रास देत नाही. उद्या सकाळीच निघतो. ड्रायव्हरची आज सुट्टी आहे, म्हणून हे पत्र रिसेप्शनवर ठेवतो. तो उद्या पहिल्या फेरीला आणून देईल.

प्रवास सुखाचा होवो. भाच्याला आशीर्वाद.

आपला


शुक्रवार, १० तारीख, सकाळ

ताई,

ते पत्र वाचू नकोस. वाचलंच असशील तर फाडून टाक. मी ड्रायव्हरला गाठायला खाली धावलो, पण गाडी गेली होती. मला हॉटेलात धावताना पाहून दोन माणसं बाजूला झाली.

काय झालं ते सांगतो. बॅग घेऊन खोलीबाहेर पडलो तर सफाईच्या मावशी ट्रॉली घेऊन उभ्या. म्हणाल्या, "निघालात होय? आता तरी खोली बघू द्या बाबा. सोमवारपासून आत पाऊल ठेवू दिलं नाहीत."

मी म्हणालो, "मी कुठे अडवलं?"

त्यांनी दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. घंटीखाली तांबडा ठिपका आहे. मी तो येता-जाता पाहत होतो. वीज चालू असल्याची खूण असेल अशी माझी समजूत होती.

"हा लाल असला की आत यायचं नाही, दार वाजवायचं नाही. पाहुण्याला कुणी त्रास द्यायचा नाही. फोनसुद्धा वर जोडत नाहीत. आतल्या चंद्राच्या बटणाने लागतो हा."

तो रात्रीचा दिवा नव्हता, ताई.

मी रिसेप्शनवर गेलो. तिथल्या मुलीला विचारलं, काल माझ्याकडे कुणी आलं होतं का. ती म्हणाली, "हो सर, एक वयस्कर बाई आल्या होत्या. काठी होती हातात. आम्ही त्यांना सांगितलं की सरांनी कुणालाही वर पाठवू नका असं लावलंय. त्या तिथल्या सोफ्यावर बराच वेळ बसल्या. मग मी पाणी द्यायला गेले तर म्हणाल्या, 'राहू दे बाळ. तो असाच आहे. दर वेळी नवीन काहीतरी शोधून काढतो.' आणि गेल्या."

तू आली होतीस. काठी घेऊन, चौक ओलांडून आली होतीस, आणि मी सात मजले वर खुर्च्या सरळ करत बसलो होतो. तुला वाटलं असेल मी पुन्हा तेच केलं. बोलावून घेतलं आणि दारातून परत पाठवलं. आणि त्यावर आज सकाळी तुझ्या हातात प्रवास सुखाचा

हे पत्र मी पाठवत नाही. वळसा घेऊन ते पोहोचणार कधी? मीच येतो.


सोमवार, १३ तारीख, परतीच्या गाडीत

ताई,

तू अजून विमानातच असशील किंवा नुकतीच उतरली असशील. निघताना तू म्हणालीस, "मी पोहोचायच्या आत पत्र टाक, म्हणजे तिकडे मला काहीतरी वाट बघायला राहील." म्हणून टाकतो आहे. यातलं बरंचसं तुझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. पण तिकडे गेल्यावर तू ते तुझ्या पद्धतीने सांगणार, आणि तुझ्या पद्धतीत मी चौक रडत ओलांडला असेन. म्हणून माझ्या बाजूनेही लिहून ठेवतो. मी रडत नव्हतो. वारा होता.

चौक ओलांडताना मी वाक्यं जुळवत होतो. पहिलं वाक्य होतं, "ताई, काल एक गैरसमज झाला." दुसरं होतं, "मी तुला परत पाठवलं नाही." ती मी सिग्नलजवळ दोन वेळा मोठ्याने म्हणूनही पाहिली. तुझं दार सताड उघडं होतं. आत सगळीकडे खोकी होती, आणि एका खोक्यावर आमचा ड्रायव्हर ऐसपैस बसून चहा पीत होता. दोरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलेलं होतं. मला बघून म्हणाला, "या साहेब! गुडघा बरा झालेला दिसतोय."

तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. गाठ मारता मारता म्हणालीस, "निघालास ना? मग जा की. प्रवास सुखाचा होवो."

आणि माझी दोन्ही वाक्यं गेली. तोंडातून निघालं ते एवढंच, "ताई, चंद्र होता."

तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "वर्षभर तोंड उघडलं नाहीस," तू म्हणालीस, "आणि आता उघडलंस तर चंद्र?"

"दारापाशी. बटणावर. मला वाटलं रात्रीचा दिवा."

तू ड्रायव्हरला विचारलंस, "याला ताप आहे का बघा हो जरा." पण त्याच्या लक्षात आलं होतं. तो इतका हसला, की चहा त्याच्या शर्टावर सांडला. मग त्यानेच तुला सगळं समजावलं. तांबडा ठिपका, मावशी, वर न जोडलेला फोन. मी फक्त मान हलवत होतो. मध्येच तू माझ्यावर ओरडलीस, "मान काय हलवतोस? तुझी गोष्ट आहे ना? तू सांग!" आणि मग मी सांगितली. खुर्च्या खिडकीकडे वळवल्या इथपासून. सांगून संपेपर्यंत तू दोरी सोडली नाहीस, पण गाठही मारली नाहीस.

तुझा विश्वास बसला नव्हता, हे मला माहीत आहे. शनिवारी तुझा पलंग नेला आणि झोपायला जागा उरली नाही, तेव्हा तू माझ्या खोलीत यायला तयार झालीस ती निम्मी त्यासाठीच. आल्या आल्या मला आत उभं केलंस आणि स्वतः बाहेर दारासमोर उभी राहिलीस. "लाव. बंद कर. परत लाव." मावशीही ट्रॉली सोडून तुझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "अगं बाई, खरंच की!" तू म्हणालीस. त्या म्हणाल्या, "पण मी यांना विचारलं होतं हो, निवांत आवडतं का. हो म्हणाले." तू त्यांना म्हणालीस, "तो सगळ्याला हो म्हणतो. त्याच्या 'हो'वर जाऊ नका."

त्यानंतर अर्ध्या तासात त्या हॉटेलातलं मला आठवडाभर जे जमलं नाही ते सगळं तू करून टाकलंस. चारही चकत्यांचं कोडं सोडवलंस. काचेच्या भिंतीला आतून पडदा असतो आणि तो छतातून खाली येतो, हे शोधून काढलंस. कपाने अंघोळ केल्याचं मावशींना सांगून टाकलंस. ते सांगायची गरज नव्हती. सहा उशांपैकी चार गुडघ्यांखाली घेऊन दुपारभर पडून राहिलीस आणि बोलत राहिलीस.

त्या दुपारी आपण हिच्याबद्दल बोललो. पहिल्यांदाच. महिनाभर एका घरात राहून आपण फक्त डब्यांबद्दल बोललो होतो, हे तुझ्या लक्षात आलं आहे का? ती आधी तुझी मैत्रीण होती आणि मग माझी बायको झाली. तू सांगितलंस, की वर्गात तुझा नंबर आला की हजेरी तीच द्यायची, तू शेजारी बसलेली असलीस तरी. "मी म्हणायचे, अगं, मी आलेय की. ती म्हणायची, असू दे, मला आवडतं." मी हसलो. मग तू हसलीस. मग तू भिंतीकडे तोंड केलंस आणि मी खिडकीपाशी जाऊन तुमच्या टाकीकडे बघत राहिलो. टाकी वाहत होती. या वेळी मला तिचा राग आला नाही.

आता रविवारच्या नाश्त्याचं. ते मला नीट लिहायचं आहे.

तू पावाच्या यंत्रासमोर उभी राहून मागच्या बाईंशी त्यांच्या सुनेबद्दल बोलत होतीस. त्याच बाई, ज्यांचा पाव मी खाल्ला होता. त्या बोलतात हे मला तेव्हा कळलं. मग टेबलापाशी येऊन बसलीस आणि बशीकडे बघत म्हणालीस, "ऐक. चल माझ्याबरोबर. आज नाही, महिन्या-दोन महिन्यांनी. मुलगा कागदपत्रं करील. मोठं घर आहे त्याचं. तिथे मी आणि सून, दिवसभर करणार काय? तू असलास म्हणजे मला रागवायला कुणीतरी राहील. एकटा किती दिवस काढशील?"

तू माझ्याकडे बघितलंस. मला कळलं, की आता माझ्या हो म्हणायची वेळ आली आहे. हो म्हणायचं, आणि मग तू गेल्यावर काहीतरी करायचं. फोन घ्यायचा नाही, कागदपत्रं पाठवायची नाहीत, तब्येतीचं काढायचं. तुला आपोआप कळलं असतं. मला ते सगळं त्या एका क्षणात दिसलं. आणि हेही दिसलं, की तू पुन्हा एकदा कुठल्या तरी सोफ्यावर काठी घेऊन बसली असतीस.

मी म्हणालो, "नाही, ताई. मी येणार नाही. मला माझ्या घरात राहायचं आहे. तिथे मला बरं वाटतं."

आवाज जरा मोठा निघाला. मला अंदाज नाही त्याचा. ऑम्लेटवाल्या आचाऱ्यानेही वळून पाहिलं.

तू चमचा बशीत ठेवलास. मला वाटलं, संपलं. आठवडाभर केलं ते सगळं पाण्यात गेलं. आणि मग तू हसायला लागलीस. इतकी हसलीस, की चष्मा काढून ठेवावा लागला. मी घाबरून पाणी पुढे केलं. तू म्हणालीस, "अरे घुम्या, तुझ्या तोंडून 'नाही' मी आज पहिल्यांदा ऐकलं. आईच्या हातून एरंडेल पितानासुद्धा तू कधी नाही म्हणाला नाहीस. गप नेऊन कुंडीत ओतायचास."

"तुला राग नाही आला?"

"आला की. चांगलाच आला. पण राग माझ्याजवळ बसून आलाय ना? तेव्हाही एवढंच बोलला असतास, तर मी दोन दिवस रुसले असते, बॅग आपटली असती आणि आठवड्याने फोन केला असता. त्या कागदाशी मी काय भांडणार होते?" आणि मग बशीतला अननस माझ्या बशीत टाकत म्हणालीस, "बरं, नको येऊस. पण दर रविवारी फोन. आणि मी बोलेन आणि तू हं हं करशील, तसा नाही. तुझ्याकडूनही काही आलं पाहिजे."

मी लगेच हो म्हणालो नाही. विचार करून म्हणालो. ते तुझ्या लक्षात आलं, हेही मी पाहिलं.

विमानतळावर तू मागे वळून बघितलं नाहीस. सगळेजण वळतात, मी पाहत उभा होतो. ड्रायव्हर म्हणाला, "बाई खमक्या आहेत, साहेब. पण काचेत तुम्हाला बघत होत्या, मी पाहिलं." परत येताना त्याने तुझा आवाज काढून दाखवला. मी त्याला पुन्हा काढायला सांगितला.

आज सकाळी हॉटेल सोडलं. रिसेप्शनवरच्या त्या मुलीने कार्ड परत घेतलं आणि सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, "राहणं कसं झालं, सर?" याला "छान" म्हणून निघायचं असतं, हे मलाही माहीत आहे. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "माझी बायको वर्षापूर्वी गेली." तिथे आठवडाभर ते कुणाला माहीत नव्हतं. खरं म्हणजे घर सोडून कुठेच ते मी स्वतःच्या तोंडाने कुणाला सांगितलेलं नव्हतं. ती मुलगी संगणकावरचा हात काढून माझ्याकडे बघायला लागली. मग मी तिला सांगितलं, की गुरुवारी सोफ्यावर बसल्या होत्या त्या बाई म्हणजे माझी सख्खी बहीण, आणि ती काल कायमची मुलाकडे गेली, आणि चंद्राच्या बटणाखाली चार शब्द लिहून चिकटवले तर म्हाताऱ्या माणसांची सोय होईल. मग हिच्याबद्दल सांगितलं. हजेरीचं सांगितलं. मुलगी हसली, डोळे पुसले, आणि "मग?" म्हणाली.

तिने विचारलं म्हणून मग मी पुढचं सांगायला लागलो. माझ्यामागे बॅगा घेऊन बरीच माणसं उभी राहिली होती. त्यातला एकजण घसा खाकरून म्हणाला, "आजोबा, आमची गाडी चुकेल."

मी मागे वळून त्याला म्हणालो, "जरा थांबा. माझं बोलून व्हायचं आहे अजून."